डोंगराआड काय आहे? ओपन वर्ल्ड गेमच्या रचनेमागील विज्ञान

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागले की देवगिरीचा शंकूसारखा डोंगर बऱ्याच लांबून दिसू लागतो. जवळ गेल्यावर पायथ्याचा चांद मिनार नजरेत भरतो. किल्ल्यात शिरल्यावर मात्र तटामागून तट, वळणावरचे दरवाजे, खंदक आणि अंधारी (काळोखी भुयारी वाट) यांच्या आड तो माथा वारंवार दिसेनासा होतो. शत्रूला थोपवण्यासाठी केलेली ही रचना आज पर्यटकाला वर ओढून नेते, कारण पुढे काहीतरी आहे हे त्याला कळलेले असते आणि ते नेमके कसे आहे हे कळायचे असते. ज्या गेममध्ये खेळाडू विस्तीर्ण प्रदेशात हवे तिकडे, हव्या त्या क्रमाने फिरू शकतो, ते ओपन वर्ल्ड गेम माणसाला तासन्‌तास गुंतवून ठेवतात ते प्रामुख्याने याच ओढीमुळे, असे मला वाटते.

नुसत्या विस्ताराने ही ओढ निर्माण होत नाही. 1984 मधील ‘एलिट’ या गेमने अवघ्या 32 किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर गणिती सूत्रांच्या आधारे 2,048 ग्रहमाला उभ्या केल्या होत्या. 2016 मधील ‘नो मॅन्स स्काय’मध्ये ग्रहांची संख्या 18 वर 18 शून्ये इतकी आहे; तरीही काही ग्रह पाहून झाल्यावर पुढचा ग्रह ओळखीचाच वाटतो, अशी अनेक खेळाडूंची सुरुवातीची तक्रार होती.

याउलट, निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 2017 मधील ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची भूमी मोजकी असूनही तिथे पाय निघत नाही. तिच्या रचनाकारांनी त्याच वर्षी जपानमधील गेम-विकासकांच्या परिषदेत आपली पद्धत उलगडून सांगितली. आरंभीच्या आराखड्यात एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे जाण्याची सोय होती, पण चाचणीत खेळाडूंना आपल्याला कोणीतरी हाताला धरून नेत आहे असे वाटू लागले. तेव्हा त्यांनी भूरचनेत त्रिकोणांचा वापर केला. त्रिकोणी टेकडी समोर आली की चढून जायचे की वळसा घालायचा, हा निर्णय खेळाडूला घ्यावा लागतो, आणि तिच्यामागचे दृश्य दोन्ही वाटांनी हळूहळू उघडते. मोठे त्रिकोण दुरून खुणेचे काम करतात, मध्यम त्रिकोण काही काळ दृश्य झाकतात आणि लहान त्रिकोण चालण्याची लय बदलतात. किल्ल्याकडे निघालेल्या खेळाडूला वाटेत देवालय दिसते, देवालयाकडे वळताना शत्रूचा तळ दिसतो, आणि मूळ बेत आपोआप बाजूला पडतो. अंतरांचा अंदाज यावा म्हणून या मंडळींनी आपल्या परिचयाच्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या भूमीवर ठेवून पाहिला होता, हे मला विशेष मोलाचे वाटते.

या ओढीचे मानसशास्त्रीय स्पष्टीकरण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये मांडले. जे ठाऊक आहे आणि जे जाणून घ्यावेसे वाटते, यांमधील तफावत लक्षात आली की कुतूहल जागे होते. काहीच ठाऊक नसेल तर ही तफावत जाणवत नाही, आणि सगळेच ठाऊक असेल तर ती उरत नाही. अर्धवट झाकलेला डोंगर नेमका या दोहोंच्या मध्ये असतो.

फिरता फिरता मेंदू त्या प्रदेशाचा नकाशाही तयार करत असतो. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना 1971 मध्ये उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट ठिकाणी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी आढळल्या, तर मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांनी 2005 मध्ये षट्‌कोनी जाळीच्या रूपात जागेचे मोजमाप ठेवणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना 2014 चे नोबेल मिळाले. पुढे 2015 मध्ये क्लेमेन्सन आणि स्टार्क या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दोन आठवडे रोज अर्धा तास समृद्ध त्रिमितीय गेम खेळणाऱ्यांची हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेली स्मरणशक्ती सुधारल्याचे दिसले. साधा द्विमितीय गेम खेळणाऱ्यांमध्ये ती सुधारणा दिसली नाही.

म्हणूनच नकाशावर शेकडो चिन्हे आधीच मांडून ठेवणाऱ्या गेमबद्दल मला खेद वाटतो. तिथे नजर भूमीवरून उठून पडद्याच्या कोपऱ्यातील छोट्या नकाशाला चिकटते आणि भटकंतीची कामांची यादी होऊन बसते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये खेळाडू उंचावर चढतो, दुर्बिणीतून प्रदेश न्याहाळतो आणि कुठे जायचे त्याची खूण स्वतः नकाशावर करतो.