कोल्हापुरी बंधारा

कोल्हापुरी बंधारा म्हणजे नदीच्या पात्रातच पाणी अडवणारा असा बंधारा, जो पावसाळ्यात जवळजवळ नसतोच. सरकारी कागदावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, इंजिनिअर लोकांत नुसता केटी (कोल्हापूर टाईप) वेअर. चप्पल आणि तांबड्या पांढऱ्यामुळं कोल्हापूर सगळ्यांना माहितीय, पण राज्यभर जिकडंतिकडं बांधली गेलेली ही इथली डिझाईन मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही.

रचना एकदम साधी. पात्रात आडवे, ठराविक अंतरावर दगडी नाहीतर काँक्रीटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, आणि त्या खाचांत एकावर एक सरकवत बसवायच्या फळ्या म्हणजे बरगे. पूर्वी हे बरगे लाकडी असायचे, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासायचे म्हणजे गळती थांबते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास बरगे घालायचे आणि पुढचा पावसाळा यायच्या आत काढून घ्यायचे, बस्स.

खरी हुशारी काढण्यात आहे. सह्याद्रीचं पाणी चार महिने असं काही येतं की ते कायमचं अडवायचं म्हटलं तर केवढी भिंत लागेल, आणि तिच्यामागं गाळ साचणार तो वेगळाच. इथं पूर आला की नुसते खांब उभे, पाणी आणि गाळ दोन्ही खांबांमधल्या मोकळ्या जागेतून सरळ निघून जातं. साठवण काठांच्या आतच होते त्यामुळं जमीन बुडत नाही, गाव उठवावं लागत नाही, कालवाही नाही, काठावरनं मोटारीनं पाणी उचलायचं आणि उसाला द्यायचं.

हे एकटं मात्र चालत नाही, वरनं पाणी सोडणारं धरण लागतं. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, त्या धरणातनं सोडलेलं पाणी नदीतनंच खाली येतं आणि एकामागं एक असलेले बंधारे ते टप्प्याटप्प्यानं धरून ठेवतात, म्हणजे नदीच कालवा झाली म्हणा की. (राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, तोही एक नादखुळा प्रकार, पण त्याची नोंद वेगळी व्हायला पाहिजे.)

सगळी मदार वेळेवर. बरगे काढायला उशीर झाला आणि वळवानं गाठलं तर नदी काठ तोडून बाजूनं वाट काढते, आणि लवकर काढले तर शेतकरी बोंबलणार. बरगे चोरीला जाणं, गंजणं हे तर सगळीकडचंच रडगाणं, बरगे नसले की केटी म्हणजे पात्रातले रिकामे खांब. उन्हाळ्यात साठलेलं पाणी हलत नाही त्यामुळं केंदाळ (जलपर्णी) माजतं आणि कोल्हापूरच्या पंचगंगा नदीत सांडपाण्याचा वास मारतो, हा दोष डिझाईनचा कमी आणि नदीत घाण सोडणाऱ्यांचा जास्त.

कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. बऱ्याच बंधाऱ्यांवर स्लॅब टाकलेला असल्यानं तेच गावांना जवळचे पूल, त्यामुळं पावसाळ्यात "इतके इतके बंधारे पाण्याखाली" ही बातमी म्हणजे खरंतर रस्ते बंद झाल्याची बातमी असते, लोक त्यावरनंच ठरवतात आज कुठनं वळसा घालून जायचं ते.