अपोप्का तलाव: जाळ्याच्या आसातून मोजलेले मासे

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचा अपोप्का तलाव विस्ताराने सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पण सरासरी खोली जेमतेम दीड मीटर. एके काळी पाणी नितळ होतं आणि बास मासा गळाला लावायला लांबून लोक यायचे. १९४०च्या दशकात उत्तरेकडची दलदल बांध घालून शेतीखाली आणली गेली. शेतातलं खताचं पाणी पंपाने तलावात जाऊ लागलं, फॉस्फरस साचला आणि १९४७च्या सुमारास पाणी शेवाळाने हिरवं झालं. पाणवनस्पती गेल्या, त्यांच्या आडोशाने जगणारा बास आटला. माजला तो गिझर्ड शॅड, हिल्साच्या गोत्रातला मासा. तो तळाचा गाळ खातो, घुसळतो आणि त्यातला फॉस्फरस विष्ठेवाटे पुन्हा पाण्यात सोडतो.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस विष घालून शॅड मारला गेला. पण मेलेले मासे तलावातच कुजले! त्यांच्या अंगातला फॉस्फरस होता तिथेच राहिला. मासा मारून भागत नाही, तो पाण्याबाहेर न्यावा लागतो. १९९३ पासून तसं सुरू झालं, गिलनेट म्हणजे माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारं जाळं लावून. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या मतदारांनी गिलनेटवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती मंजूर केली, पण संशोधनाला आणि सरकारी कामाला तिच्यात सूट आहे.

पण तलावात शॅड किती उरले ते मोजायचं, तर खरी अडचण या जाळ्यातच आहे. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोकं घालतो आणि कल्ल्यांपाशी अडकतो. लहान मासा आरपार जातो, फार मोठ्याचं डोकं शिरतच नाही. आस आणि माशाचा आकार यांचं हे नातं रशियाचे मत्स्यशास्त्रज्ञ फ्योदोर बारानोव यांनी १९१४ मध्येच मांडलं होतं. शॅड काढायला साधारण चार इंची आस वापरली, की मोठे सापडतात आणि पिल्लं सुटतात. ती पकड मोजून तलावातले मासे मोजले असं समजणं माझ्या मते सर्वांत मोठी चूक. म्हणून पाहणीसाठी वेगवेगळ्या आसांचे पट्टे जोडलेलं जाळं लागतं. ते दरवर्षी त्याच मोसमात, तितकेच तास लावायचं आणि दर जाळ्यामागे, दर तासामागे किती मासे आले ते लिहायचं. कोमट पाण्यात अडकलेला मासा लवकर मरतो, लवकर सडतो, त्यामुळे जाळं फार वेळ ठेवताही येत नाही.

एवढं करूनही पकड घटली तर पहिला प्रश्न उरतोच: शॅड कमी झाले, की फक्त मोठे शॅड?