तीन वर्षांच्या मुलाचा घाम आणि तेविसाव्या वर्षीचा गुन्हा

1876 मध्ये इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसोने जबडा आणि कपाळाच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा दावा केला. दावा खोटा निघाला, पण पुढे कितीतरी वर्षे गुन्ह्याचा शरीराशी संबंध जोडणाऱ्याकडे संशयानेच पाहिले गेले. मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांनी आपली अख्खी कारकीर्द त्याच विषयाला वाहिली.

रेन मूळचे इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनचे. विमान कंपनीतली हिशेबाची नोकरी सोडून ते ऑक्सफर्डला मानसशास्त्र शिकले, यॉर्कला त्यांनी डॉक्टरेट केली आणि चार वर्षे कडक बंदोबस्ताच्या तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केले. 1987 मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले, 2007 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. खुनाच्या 41 आरोपींच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती काम करतो ते दाखवणारी तपासणी, हे त्यांचे गाजलेले काम. आवेगांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग त्यांच्यात कमी ग्लुकोज वापरत होता. पण हे सगळे वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवा असे म्हणणारे आरोपी होते. त्यावरून सरसकट सगळ्या खुन्यांबद्दल बोलणे चूक.

माझ्या मते त्यांचे खरे मोलाचे काम मॉरिशसमधले. पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आलेल्या या बेटावर रेन यांचे गुरू पीटर व्हेनेबल्स आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तीन वर्षांच्या 1,795 मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यात बहुतेक मुले भारतीय वंशाची होती. मुलाच्या बोटांना इलेक्ट्रोड लावून दोन सूर ऐकवत. एका सुरामागून कर्कश आवाज येई. काही वेळाने नुसता तो सूर ऐकला तरी बोटांना किंचित घाम फुटतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. म्हणजे मूल धोक्याची चाहूल शिकले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा ज्या 137 जणांवर गुन्हे नोंदले गेले होते, त्यांच्या गटात लहानपणी ही भीती उमटलीच नव्हती. अर्थात हा गटाचा निष्कर्ष. एखाद्या मुलाकडे बोट दाखवायला तो मुळीच पुरत नाही.

याच मुलांपैकी काहींना तीन ते पाच या वयात वेगळ्या बालवाडीत घातले होते. दूध, फळांचा रस, मासे किंवा मटणाचे गरम जेवण, रोज भरपूर व्यायाम, गोष्टी, भटकंती. अकराव्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या लहरी अधिक परिपक्व दिसल्या. तेविसाव्या वर्षी, गुन्हा केल्याचे स्वतः सांगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. आधी कुपोषित असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. म्हणजे ज्याला आपण जन्मजात म्हणतो, त्यातले बरेचसे ताटात आणि मैदानात घडते.

मासे डोळ्यांपुढे ठेवून रेन यांनी पुढे तिथल्याच 200 मुलांवर ओमेगा-3ची, म्हणजे माशांत असणाऱ्या एका प्रकारच्या स्निग्ध पदार्थाची, चाचणी घेतली. अर्ध्या मुलांना सहा महिने ते घातलेले पेय दिले. आणखी सहा महिन्यांनी त्यांची आक्रमकता कमी झालेली दिसली. विशेष म्हणजे ज्यांनी ते पेय घेतलेच नव्हते, त्या आईवडिलांचे वागणेही निवळले होते.