फवारायचं की थांबायचं? द्राक्षबागेतलं फझी गणित

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडे आभाळ भरून आलं, की बागायतदारापुढे एकच प्रश्न असतो: आज फवारायचं की उद्यापर्यंत थांबायचं? पानं रात्रभर ओली राहिली तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाला रान मोकळं. उलट औषध मारलं आणि लगेच सर आली, तर ते धुऊन जाणार. औषध, डिझेल, मजुरी सगळं पाण्यात.

पाऊस येण्याची शक्यता हवामान खातं सांगतं. पण ‘पान ओलं आहे’ ही शक्यता नाही. पान डोळ्यांसमोर आहे. ते किती ओलं, एवढाच प्रश्न. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाचे लॉटफी झादे यांनी १९६५ मध्ये यासाठी फझी, म्हणजे धूसर कडांचे, संच मांडले. एखादी गोष्ट संचात आहे किंवा नाही, असं न म्हणता तिला ० ते १ मधला सदस्यत्वाचा अंश द्यायचा. जपानमधल्या सेंडाईची भुयारी रेल्वे १९८७ पासून याच तर्कावर वेग आणि ब्रेक सांभाळू लागली.

अडचण निर्णयाच्या वेळी येते. ‘फवारावं’ याला ०.७ दिले, की ‘फवारू नये’ याला आपोआप ०.३ जातात. खरं तर माणसाचं मन असं चालत नाही. थोडं ‘माहीत नाही’ही त्यात असतंच. बल्गेरियाचे क्रासिमिर अतानासोव्ह यांनी १९८० च्या दशकात दोन्ही अंश वेगळे केले. बाजूने ०.७, विरुद्ध ०.२, उरलेला ०.१ संभ्रमाचा. अट एवढीच, की दोन्ही अंशांची बेरीज १ च्या वर जाऊ नये.

आता रोगाचा सल्लागार आणि फवारणीचा ठेकेदार दोघांनाही विचारा. पहिला फवारणीच्या बाजूने ०.८ देईल, दुसरा विरुद्ध ०.५. बेरीज १.३, अट मोडली. म्हणून दोघांपैकी एक चुकीचा ठरत नाही. अमेरिकेचे संशोधक रोनाल्ड यागर यांनी २०१३ मध्ये सुचवलं, की बेरीज वर्गांची घ्या: ०.६४ अधिक ०.२५, म्हणजे ०.८९. बसलं! पुढे त्यांनी वर्गाच्या जागी कोणताही घातांक चालेल असं व्यापक रूप दिलं. ०.९ आणि ०.७ असे आकडे आले, तर घनांनीही काम होत नाही. चौथा घात लागतो.

मग पर्यायांची तुलना कशी? बाजूच्या घातातून विरुद्धचा घात वजा करायचा. वरच्या उदाहरणात ०.६४ वजा ०.२५, म्हणजे ०.३९. थांबण्याचा, किंवा फक्त सखल, पाणी साचणाऱ्या भागात फवारण्याचा गुणही असाच काढायचा आणि ज्याचा जास्त तो पर्याय निवडायचा. मात्र सगळ्या पर्यायांना घातांक एकच हवा. मला खटकतं ते इथेच: घातांक वाढवत नेला, की जवळपास कितीही विसंगत मतं गणितात बसतात. अशा वेळी माणसांना पुन्हा विचारणं जास्त शहाणपणाचं, कारण मुळातले ०.८ आणि ०.५ हे त्यांच्याच अंदाजातून आलेले असतात.

आणि सगळंच फझी नसतं. माल काढणीला आला, की शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत आणि युरोपला जाणाऱ्या घडात औषधाचे किती अवशेष चालतात, या हद्दी पक्क्या आहेत. त्यांत न बसणारे पर्याय आधीच बाद करायचे. अंश द्यायचे ते उरलेल्यांना.