पार्श्वभूमी: अमेरिकन शेअर घेतला, मग तो आपल्या नावावर का नाही?

न्यूयॉर्कचा बाजार १७९२ पासूनचा आहे, पण इथून डॉलर पाठवून शेअर घेणाऱ्याने इतिहास १९६८ पासून वाचला तरी चालेल, कारण आपला जो सगळ्यात मोठा गोंधळ होतो त्याचं मूळ तिथेच आहे.

त्या वेळी शेअर म्हणजे कागदी सर्टिफिकेट. सौदा झाला की ते एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे माणसाने हातात नेऊन द्यायचं, मग मागच्या खोलीत कारकून नोंदी करणार. साठच्या दशकात व्हॉल्यूम इतका वाढला की कागदांचे ढीग आवरेनात, शेवटी जून १९६८ पासून वर्षअखेरपर्यंत बाजार चक्क दर बुधवारी बंद ठेवला, का तर साचलेलं काम उपसायला. तरी डिसेंबरमध्ये डिलिव्हरी अडकलेल्या सौद्यांची रक्कम ४ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. त्यात पुढे बाजार पडला आणि शंभरावर ब्रोकर बुडाले नाहीतर दुसऱ्यात विलीन झाले. १९७० चा गुंतवणूकदार संरक्षणाचा कायदा यातूनच आला.

आता वादाचा निर्णय. कागद कायमचा काढून टाकून प्रत्येकाचं नाव एका मध्यवर्ती नोंदीत घालता आलं असतं. तसं न करता १९७३ मध्ये डिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांचे शेअर सांभाळणारी मध्यवर्ती संस्था काढली, सर्टिफिकेटं तिच्या तिजोरीत ठेवली आणि ती सगळी एकाच नॉमिनी संस्थेच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी फक्त नावापुरती मालक असलेल्या संस्थेच्या नावावर केली. म्हणजे कंपनीच्या रजिस्टरमध्ये ती संस्था, डिपॉझिटरीच्या वहीत ब्रोकर, आणि तुमचं नाव फक्त ब्रोकरच्या वहीत. याला तिथे स्ट्रीट नेम म्हणतात. आग लागलेली असताना हा उपाय पटकन लागू झाला हे मान्य, पण माझ्या मते त्यात सोय ब्रोकरची जास्त झाली, कारण गिऱ्हाईक कोण हे त्यालाच माहीत राहिलं. २०२१ मध्ये गेमस्टॉप या कंपनीच्या शेअरवरून गदारोळ झाला तेव्हा हजारो लोकांनी शेअर मुद्दाम ट्रान्सफर एजंटकडे (कंपनीचं शेअरहोल्डरांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या संस्थेकडे) स्वतःच्या नावावर करून घेतले, त्यामागे हीच चीड होती.

आपल्याकडे डिपॉझिटरीचा कायदा १९९६ मध्ये आला, उशिरा आला पण डिपॉझिटरीच्या नोंदीत थेट आपलंच नाव असतं, स्टेटमेंट पण तिच्याकडूनच येतं. डिमॅटची सवय असलेला माणूस अमेरिकन ॲप उघडतो आणि तसलंच काहीतरी शोधत बसतो, ते सापडत नाही. फ्रॅक्शनल शेअर, म्हणजे एका शेअरचा तुकडा, तर साधारणपणे ब्रोकरच्याच वहीत असतो, दुसरीकडे ट्रान्सफर होत नाही, आधी विकावा लागतो.

पुढचं भराभर झालं. १ मे १९७५ ला ठरावीक कमिशन गेलं, २००१ मध्ये भाव अपूर्णांकातून दशांशात आले, २०१९ मध्ये मोठ्या ब्रोकरांनी कमिशन शून्यावर आणलं, मे २०२४ मध्ये सेटलमेंट, म्हणजे सौद्यानंतर शेअर आणि पैसे प्रत्यक्ष हातात पडणं, एका दिवसावर आली. (हे आपण जानेवारी २०२३ मध्येच पूर्ण केलं होतं, याचा मला खरंच अभिमान वाटतो.) भारतातून असे पैसे बाहेर पाठवायचं दार २००४ मध्ये उघडलं, तेव्हा मर्यादा २५,००० डॉलर होती, आता एका आर्थिक वर्षात २,५०,००० आहे, पण मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, ट्रेडिंगला त्यातून पैसे पाठवता येत नाहीत.

टॅक्समध्ये डिव्हिडंडवर तिथे २५ टक्के कापतात हे बहुतेकांना माहीत असतं. वारसा कर मात्र कोणी सांगत नाही: अमेरिकेबाहेरच्या माणसाची तिथली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर तो गेल्यावर वरच्या रकमेवर ४० टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि यात अमेरिकन कंपन्यांचे शेअर धरतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

१९७० च्या त्या कायद्याचं कवच आज ५ लाख डॉलरचं आहे, त्यात कॅश २.५ लाखांपर्यंत, आणि ते परदेशी गिऱ्हाइकालाही मिळतं. ते ब्रोकर बुडाला तर, भाव पडला तर नाही. म्हणून इथल्या ॲपला एवढं जरूर विचारा की तिकडच्या ब्रोकरकडे खातं तुमच्या स्वतःच्या नावाने उघडलंय की सगळ्यांचं मिळून एकच आहे, आणि उत्तर लेखी घ्या.