शिरीषाच्या ढोलीतला धनेश

मार्चच्या शेवटाला गच्चीवर सांडगे वाळत घालताना आई म्हणाली, "अरे ती मोठ्या चोचीची पाखरं बघ, शिरीषाच्या ढोलीत सारखी डोकावालीत." राखी धनेशाची जोडी होती. कोल्हापुरात हा पक्षी तसा नवा नाही, वड-उंबर पिकले की ओरडत येतोच, पण घरटं असं समोर लागायची आमची पहिलीच वेळ, त्यामुळं जूनपर्यंत रोज सकाळी चहा आणि दुर्बीण घेऊन मी गच्चीतच. गल्ली कुठली ते मुद्दाम सांगत नाही, घरट्याचा पत्ता फुटला की कॅमेरेवाल्यांची गर्दी होते आणि नर जवळ यायला बिचकतो.

साधारण दोन फूट लांबीचा करडा पक्षी, चोच बाकदार, तिच्यावर छोटं शिंग. नराचं शिंग मोठं, मादीचं लहान.

आठवडाभर नर तिला फळं आणून भरवत होता, मग एक दिवस मादी ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. ती स्वतःला आत चक्क भिंत घालून कोंडून घेते. स्वतःची विष्ठा आणि नरानं आणलेला चिखल चोचीनं थापत थापत ढोलीचं तोंड बुजवते, मधे फक्त एक उभी फट ठेवते. ते वाळून घट्ट झालं की साप, घोरपड, माकड कुणालाच सहज आत जाता येत नाही, आणि ढोलीवर डोळा ठेवून असलेल्या दुसऱ्या धनेशांनाही नाही.

आत गेल्यावर ती पंखांची मोठी पिसं गाळते, म्हणजे तेवढे दिवस तिला उडताच येत नाही. मला हे आधी पटेना, एवढी जोखीम कशाला? पण एरवी उडता यावं म्हणून पिसं थोडी थोडी करून बदलावी लागतात, इथं भिंतीआड बसूनच राहायचंय तर सगळी एकदम बदलून होतात, आणि नवी पिसं भरेपर्यंत पिल्लंही मोठी होत येतात.

तोवर सगळा भार नरावर. उंबरं गळ्यात साठवून आणतो, फटीशी खोडाला धरून बसतो, डोकं झटकून एकेक फळ वर काढतो आणि आतल्या चोचीत देतो. एका खेपेला मी 17 मोजली. उबवायला तीनेक आठवडे लागतात, मग पिल्लांसाठी नाकतोडे, सरडे पण यायला लागले, वाढत्या जिवाला नुसती फळं पुरत नाहीत. आपल्याला विषारी असलेली बिट्टीची फळंसुद्धा हा पक्षी खातो! घाण फटीतूनच बाहेर टाकतात, त्यामुळं ढोलीखाली बियांचा सडा पडलेला.

मे मधे वळीव आला, गारा, वारं, एक फांदी मोडून रस्त्यावर पडली. नर संध्याकाळपर्यंत दिसला नाही, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही कारण तो गेला तर आतल्या सगळ्यांचं अवघड. सकाळी साडेसहाला आला, तोंडात सरडा घेऊन.

त्या फांदीवरनं गल्लीत विषय निघाला, झाड पोकळ झालंय, तोडून टाका. भीती खोटी नव्हती, खाली पोरं खेळतात. पण धनेशाला सुतार पक्ष्यासारखं खोड कोरता येत नाही, त्याला आयती ढोलच लागते आणि ती जुन्या झाडालाच असते, फांदी मोडून आतलं लाकूड कुजायला वर्षानुवर्षं जातात, आज लावलेल्या रोपात ढोल मिळत नसते. 2021 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या शहरी वृक्ष कायद्यात 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज धरतात हे मी मीटिंगमधे सांगितलं, पण खरं सांगायचं तर लोकांना गच्चीवर बोलावून दुर्बिणीतनं दाखवलं तेव्हाच सगळे गप्प झाले.

जूनच्या सुरुवातीला भिंत फुटली. मादी बाहेर आली, नव्या पिसांची, आणि काही दिवसांनी दोन पिल्लं शेजारच्या फांदीवर बसलेली दिसली, पंख सारखे फडफडवत. आता ढोल रिकामी आहे. परवानगी आली की रस्त्याकडची धोक्याची फांदी छाटणार आहेत, खोडाला हात लावायचा नाही असं ठरलंय.