लाईट गेली की सोलर का बंद पडतं? (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट गेली की आमचे फोन सुरू होतात. वर कडक ऊन आहे, पॅनल परवाच धुतलेत, तरी सोलर बंद, असं कसं? तर सिस्टीम बिघडलेली नाहीये. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज घरात आणि महावितरणच्या लाईनला (ग्रिडला) देणारं यंत्र. त्याला महावितरणचा सप्लाय दिसला तरच तो चालतो, सप्लाय गेला की लगेच स्वतःहून बंद होतो आणि हे मुद्दामच तसं बनवलंय. समजा वायरमन पोलवर चढलाय, लाईन बंद आहे असं धरून तारेला हात लावतोय आणि तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत करंट गेला तर? म्हणून डिस्प्लेवर 'नो ग्रिड' आणि लाल दिवा दिसला तर कशालाही हात लावू नका, लाईट आली की इन्व्हर्टर व्होल्टेज तपासतो आणि काही मिनिटांत आपोआप चालू होतो.

खरा त्रास पुढे आहे. बऱ्याच घरांत जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर असतो आणि कुणीतरी सांगतं की सोलरची वायर त्याच्या लाईनला जोडा, म्हणजे सोलरला वाटेल लाईट आहे. कधी हे मुद्दाम करतात, कधी फर्निचरच्या कामात डीबी (घरातला मेन स्विचचा बॉक्स) हलवतात आणि वायरमन सोलरचा एमसीबी (सेफ्टी स्विच) नकळत बॅकअपच्या, म्हणजे बॅटरी इन्व्हर्टरच्या बाजूला टाकतो. लाईट गेली तरी सोलर चालतं, घरातले खूश. पण भर दुपारी पॅनल देतायत अडीच किलोवॅट आणि घरात चालू आहेत दोन पंखे नि फ्रिज, मग उरलेली वीज जाणार कुठे, ग्रिड तर नाहीये! ती उलटी बॅटरीच्या इन्व्हर्टरमध्ये घुसते, बॅटरी ओव्हरचार्ज होते, इन्व्हर्टरचं कार्ड (आतला सर्किट बोर्ड) जळतं. असं जोडलेलं दिसलं की कंपनी वॉरंटीही नाकारते आणि आमचा माणूस अर्धा दिवस कुठली वायर कुठे गेली ते शोधत बसतो, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचं तरी काम राहतं.

सोलरची लाईन मेनच्या (महावितरणच्या सप्लायच्या) बाजूलाच, बॅटरी इन्व्हर्टरच्या आधी आली पाहिजे, आम्ही तशीच जोडून देतो. "दुसरे करून देतात, तुम्हीच का नाही?" असं ऐकावं लागतं, तरी सोलर बॅटरीच्या लाईनला आम्ही जोडणार नाही. डीबीचं काम काढण्याआधी एक फोन करा, तुमच्या वायरमनशी आम्ही बोलू, त्याचे पैसे घेत नाही.

बिलाचं थोडक्यात: 1 किलोवॅटला दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, पावसाळ्यात कमी. जास्तीचे युनिट नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) पुढच्या महिन्यात जमा होतात, 31 मार्चला हिशोब होतो. स्थिर आकार मात्र येतोच, त्यामुळे बिल अगदी शून्य येईल असं आम्ही कुणाला सांगत नाही.

लाईट नसतानाही सोलर हवंच असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी घ्या. त्यात लाईट गेली की घर ग्रिडपासून आपोआप तुटतं आणि लाईट, पंखे, फ्रिज, वायफाय चालू राहतात, गिझर आणि एसी आम्ही त्यावर टाकत नाही. 3 किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेची 78,000 रुपये सबसिडी मिळते, तो फॉर्म आम्हीच भरून देतो. फक्त हायब्रिड हवं का ते ऑर्डर देतानाच सांगा, नंतर बदलायचं म्हटलं की इन्व्हर्टरचा खर्च दोनदा पडतो. तुमच्या भागात लाईट किती वेळा जाते ते सांगितलंत तर बॅटरी लागेल की नाही हे आम्ही सांगू, लागत नसेल तर तसंही सांगू.